फलालिनीच्या फळ्यावरची पांढरी कड

मी एक जुना फळा आहे, मित्रांनो. पण माझ्या अंगावरून खडू कधी फिरला नाही. फळा म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढं काळी फळी येते, तिच्यावरची बेरीज-वजाबाकी येते, कोपऱ्यातलं पुसायचं फडकं येतं. माझं तसं नाही. माझ्या अंगावर गडद हिरवी फलालिन ताणून बसवली आहे. फलालिन म्हणजे मऊ लव असलेलं ऊबदार कापड. त्या लवेवर कापडाचा तुकडा नुसता दाबला की तो चिकटून बसतो. त्याला डिंक लागत नाही, टाचणी लागत नाही. निदान माझ्या तरुणपणी तरी तो बसत असे. आता लव झडली आहे आणि माझ्यावर ठेवलेलं काहीच फार वेळ टिकत नाही.

माझा जन्म म्हैसूरचा. स्वातंत्र्य मिळून पुष्कळ वर्षं झाली होती, तरी दसऱ्याच्या मिरवणुकीत चालणाऱ्या बँडवाल्यांचे लाल कोट आमच्या गल्लीतल्या शिंप्यांकडं शिवायला येत, तो काळ. त्या गल्लीत रंगराव शिंप्यांचं दुकान होतं. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथंच राहिलेलं. देव्हाऱ्यात विठ्ठल, तोंडात मराठी, आणि त्या मराठीत मूठ मूठ कानडी मिसळलेली. गिऱ्हाइकाचं माप कानडीत सांगायचं आणि कारागिरावर रागवायचं मराठीत, असा रंगरावांचा रिवाज होता.

रंगरावांची धाकटी बहीण अंबूताई. लग्न होऊन वर्षाच्या आत त्या परत आल्या, त्या भावाच्याच घरी राहिल्या. दिवसा त्या कानडी शाळेत शिकवत आणि संध्याकाळी विठ्ठलमंदिराच्या बाजूच्या खोलीत आपल्या लोकांच्या मुलांना मराठी वाचायला शिकवत. ती मुलं दिवसभर कानडी शिकायची. मराठी त्यांना ऐकून ठाऊक असलेली, पुस्तकात पाहिलेली नाही. तरी अंबूताईंनी त्यांना अक्षरं शिकवली, जोडाक्षरं शिकवली. मुलं घडाघडा वाचू लागली. अंबूताईंच्या चेहऱ्यावर मात्र समाधान दिसेना.

एका दुपारी दुकानात येऊन त्या भावाला म्हणाल्या, "अण्णा, ही पोरं ओळ वाचतात आणि सोडून देतात. दुसरी वाचेपर्यंत पहिली गेलेली असते. दोऱ्याला गाठच मारत नाहीत."

"मग शिवण उसवणारच की," रंगराव मान वर न करता म्हणाले. "तुला गाठ दिसायला पाहिजे. न दिसणारी गाठ पोरांना कशी शिकवशील?"

या बोलण्यातून माझा जन्म झाला. रंगरावांनी चहाच्या खोक्याची फळी घासून गुळगुळीत केली. कुणा साहेबाच्या कोटातून उरलेली हिरवी फलालिन तिच्यावर ताणली आणि कडा आत मुडपून अशा नेमक्या शिवल्या, की मला पाठीमागूनही उलटी बाजू नाही. मग त्यांनी चिंध्यांचं गाठोडं सोडलं. बँडवाल्यांच्या कोटाची लाल बनात, कुणाच्या पोलक्याचं पिवळं रेशीम, धुवून धुवून मऊ झालेलं पांढरं मांजरपाट, त्यांच्या स्वतःच्या विटक्या विजारीचं राखाडी कापड. सगळ्याचे गोल तुकडे कापले. काही ताटलीएवढे, काही वाटीएवढे, काही रुपयाएवढे. तुकड्यांच्या पाठीला खरखरीत पॉलिश पेपर लावला, म्हणजे ते माझ्या लवेला घट्ट धरतील.

"फळ्याला कोट शिवणारा म्हैसुरातला पहिला शिंपी मी," रंगराव म्हणाले.

"बटणं राहिली, अण्णा," अंबूताई म्हणाल्या. पण त्यांचा हात माझ्या अंगावरून फिरत होता आणि तो हात मला अजून आठवतो.

मंदिराच्या खोलीत मला पहिल्यांदा उभं केलं, तेव्हा तिथली व्यवस्था पाहणारे रघुनाथराव दारातून डोकावले. हे वाचनाचं काम आहे की चिंध्यांचा बाजार, असं त्यांनी विचारलं. अंबूताईंनी शांतपणे सांगितलं, की चिंध्याच आहेत, जोडायला शिकवते आहे. रघुनाथरावांनी हुं केलं आणि जाताना दार उघडं ठेवून गेले. पुढं ते रोज बाहेरच्या कट्ट्यावर बसून ऐकत. आत मात्र कधी आले नाहीत.

आता माझं काम कसं चाले ते ऐका.

एक मूल गोष्टीची पहिली ओळ वाची. अंबूताई पुस्तकावर हात ठेवत आणि विचारत, "काय वाटलं?" मुलानं मनात आलेलं सांगायचं आणि त्या वाटण्याला शोभेल तो मोठा गोल तुकडा माझ्यावर लावायचा. कुठल्या भावनेला कुठला रंग, हे ठरलेलं नव्हतं. ज्याला राग पिवळा दिसे, त्यानं पिवळा लावावा. मग पुढची ओळ. "आता काय वाटतं?" वाटणं बदललं असेल तर पहिल्या तुकड्याच्या वर दुसरा लावायचा, जरा लहान. पहिला काढायचा नाही. त्याची कड बाहेर दिसत राहिली पाहिजे. पुन्हा पुढची ओळ, पुन्हा वर आणखी लहान तुकडा. गोष्ट संपेपर्यंत माझ्या अंगावर थरावर थर चढलेले असत आणि प्रत्येक थराची एक कड डोकावत असे. मग मुलानं बोट बाहेरच्या कडेवर ठेवायचं आणि आत आत सरकवत म्हणायचं, आधी मला असं वाटलं, मग असं वाटलं, आता असं वाटतं.

मुलांना ते चटकन कळावं म्हणून अंबूताई घरच्या पाट्या-वरवंट्याचं उदाहरण देत. नुसतं खोबरं म्हणजे चटणी नव्हे, नुसती मिरची म्हणजे चटणी नव्हे. पाट्यावर एक एक घालायचं आणि वाटत राहायचं. आपल्या भाषेत मनालाही वाटतं आणि पाट्यावरही वाटतात, हे काय उगीच आहे? त्यांना दळता-कांडताना गायच्या ओव्यांचं वळण ठाऊक होतं. त्या वळणावर त्यांनी मुलांसाठी चार ओळी रचल्या होत्या. मुलं माझ्यासमोर डोलत डोलत त्या म्हणायची:

पहिलं गं वाटलेलं, पाट्यावर ठेवू बाई,
पुढली गं ओळ आली, तिच्यात मिसळू बाई,
आणखी एक ओळ आली, वरवंटा फिरवू बाई,
वाटता वाटता मला, वाटलं ते कळलं बाई.

एक गोष्ट मात्र अंबूताई कधी करत नसत. त्या अर्थ सांगत नसत. मूल अडलं, चुकलं, भलतीकडं गेलं, तरी त्यांच्या तोंडून दोनच शब्द यायचे, "पुढं वाच." आणि मग त्या थांबायच्या. त्यांच्यासारखं थांबणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. खोलीतली पाल चुकचुके, बाहेर टांग्याची घंटा वाजे, मूल पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरी, आणि अंबूताई थांबलेल्या असत.

त्या मुलांत एक कमलाक्षी होती. आई नसलेली. वडील कचेरीत कारकून. घरात बोलायलाच कुणी नाही, तर मराठी कुठून यायला? तिचं वाचन इतकं स्वच्छ की कट्ट्यावरचे रघुनाथराव मान हलवत. पण माझ्यासमोर आली की ती गोठायची. काय वाटलं, म्हटलं की म्हणायची, "काही नाही वाटलं, ताई." कुठलाही तुकडा हातात न घेता जागेवर जाऊन बसायची. मुलं तिला पोपट म्हणत. अंबूताईंना रात्रंदिवस हीच काळजी, की ही पोर नुसती वाचत राहील आणि आतून कोरडी राहील.

अंबूताई गोष्टी स्वतःच रचून मोठ्या अक्षरांत लिहून आणत. एकदा त्यांनी बन्नूरच्या म्हातारीची गोष्ट आणली. ती कमलाक्षीनं वाचली. बन्नूर गावात एक म्हातारी होती. तिची एकुलती एक गाय उसाच्या फडात हरवली. म्हातारीचे फार हाल झाले.

अंबूताईंनी पुस्तकावर हात ठेवला. कमलाक्षी पहिल्यांदाच आपण होऊन पुढं आली. तिनं गाठोड्यातून पांढरा मोठा गोल उचलला आणि माझ्या मधोमध लावला.

मुलं हसायला लागली. गाय हरवली आणि पांढरं? अंबूताईंनी हातानंच त्यांना गप्प केलं.

"पांढरं का गं, कमळे?"

"हालु झालं ना, ताई. लई हालु."

मित्रांनो, म्हैसुरात कानडीत दुधाला हालु म्हणतात. आमच्या मराठी घरांतही दूध म्हणजे हालुच. त्या पोरीनं म्हातारीचे हाल वाचले आणि तिला दूध दिसलं. आपल्या या शहराबाहेरचं मूल अशी चूक करणार नाही. मुलं आता पोट धरून हसत होती आणि कमलाक्षीचे कान लाल झाले होते. तिनं तुकडा काढायला हात उचलला.

"राहू दे," अंबूताई म्हणाल्या. "पुढं वाच."

तिनं वाचलं. म्हातारी थंड चुलीपाशी बसून राहिली. तिच्या ताटात काही नव्हतं. दारावरून माणसं गेली, कुणी आत आलं नाही.

अंबूताई थांबल्या. खोली थांबली. माझ्या अंगावरचा पांढरा तुकडासुद्धा श्वास रोखून होता, असं मला वाटलं. कमलाक्षी ताटाचं वाक्य पुन्हा मनात वाचत होती. तिचे ओठ हलत होते. मग ती वाकली, राखाडी तुकडा घेतला, रंगरावांच्या विटक्या विजारीचा, आणि तो पांढऱ्याच्या वर नीट मधोमध लावला. पांढऱ्याची बारीक कड चहूकडून दिसत राहिली.

"आधी मला वाटलं हालु," ती हळूहळू म्हणाली. "मग वाटलं, गायच नाही तर हालु कुठून. आता वाटतं..." तिनं बोट राखाडीवर ठेवलं. "आता वाटतं, हाल म्हणजे ताटात काही नसणं. आणि विचारायला कुणी न येणं."

कुणी हसलं नाही. बाहेर रघुनाथराव खाकरले. अंबूताईंनी तिला जवळ घेतलं आणि तिच्या कानापाशी म्हणाल्या, "हालु आहे. हाल आहेत. शेवटचा त नीट ऐकायचा, कमळे. त्या एका त मध्ये सगळं आहे."

त्या दिवसापासून कमलाक्षी वाचू लागली. खरं वाचू लागली. माझ्या अंगावर तिनं किती थर चढवले याची गणती नाही. गोष्टी संपल्यावर ती माणसं वाचू लागली. गल्लीतले गंगाधरमामा आज गप्प का, शेजारची आजी दाराकडं का पाहते, असं ती अंबूताईंना विचारी. अंबूताई म्हणत, पुढं वाच. आणि दोघी हसत.

ते माझे सुखाचे दिवस. नवरात्रात म्हैसूरच्या घराघरांत बाहुल्या मांडतात. एका वर्षी मुलांनी हट्ट करून मलाही मंदिरातल्या बाहुल्यांच्या पायऱ्यांवर, लाकडी राजा-राणीच्या मागं उभं केलं. माझ्यावर बन्नूरच्या म्हातारीची गोष्ट लावली होती. गावातले मास्तर पाहायला आले, बायका आल्या, जो तो माझ्या लवेवरून बोट फिरवून पाही. रंगराव नवं धोतर नेसून माझ्याशेजारी असे उभे होते, जसे काही माझे वडीलच.

पण कौतुकाचे रंगही विटतात. मुलांना इंग्रजी शिकवण्या लागल्या. संध्याकाळच्या वर्गाला मुलं कमी कमी येऊ लागली. रघुनाथराव गेले, त्यांच्यामागून आलेल्या मंडळींना ती खोली सामानासाठी हवी होती. रंगरावही एका उन्हाळ्यात कातरी हातात असतानाच खुर्चीत कलंडले. ज्या दिवशी वर्गाला एकही मूल आलं नाही, त्या दिवशी अंबूताई दिवेलागणीपर्यंत माझ्यासमोर बसून राहिल्या. मग मला काखेत मारून त्या घरी घेऊन आल्या.

घरात मला बैठकीच्या भिंतीला टेकवून ठेवलं होतं. शेजारी एक स्टूल, स्टुलावर फोन. तुकड्यांचं गाठोडं माझ्या पायाशी. सुरुवातीला अंबूताई माझी धूळ झटकत. पुढं वाकता येईना, तेव्हा फडक्यानं वरवर पुसत. त्यापुढं तेही राहिलं.

कमलाक्षी मोठी झाली होती. हेब्बाळच्या एका मोठ्या कंपनीत हिशेबाच्या खात्यात ती लागली होती. कंपनीच्या बसनं जायची, कंपनीच्या बसनं यायची, बेळगोळच्या रस्त्याला घर घेतलं होतं. घरी मुलगा इंग्रजी बोले, नवरा कानडी बोले, आणि तिचं मराठी अंबूताईंपुरतं उरलं होतं. आधी ती दर रविवारी यायची. येताना भाजी आणायची, दूध आणायची, माझ्यासमोर मांडी घालून बसायची. मग कामं वाढली. रविवारी येण्याऐवजी ती फोन करू लागली. यात तिचा काही वाईट हेतू नव्हता, मित्रांनो. माणसं दूर जातात ती काही रागानं जात नाहीत. बसच्या वेळेनं जातात.

त्या शेवटच्या वर्षी अंबूताईंच्या पोटात दुखू लागलं. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. ताट वाढून घ्यायच्या, दोन घास खायच्या आणि बाकीचं झाकून ठेवायच्या. मी रोज पाहत होतो. पण मला तोंड नाही. माझ्यावर कुणी काही लावलं तरच मी बोलतो आणि माझ्यावर काही लावणारं आता कुणी नव्हतं.

तरी लोकांना काही ना काही दिसत होतं. शेजारच्या सीतालक्ष्मीबाईंना दिसत होतं, की अंबूताई सकाळी अंगणात रांगोळी काढायच्या त्या आता नुसता सडा टाकतात. वय झालं, असं त्यांना वाटलं. रंगरावांचं दुकान चालवणारा सत्यनारायण, अंबूताईंचाच जुना विद्यार्थी, त्याच्याकडं त्यांनी आपली पोलकी आत घ्यायला पाठवली. थोड्या दिवसांनी तीच पोलकी आणखी आत घ्यायला आली. सत्यनारायणानं शिवण उसवली, आत घेतली, इस्त्री करून परत पाठवली. शिंप्याला माप कळतं. पण माप वहीत लिहून तो पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळला.

एका रविवारी फोन वाजला. मी शेजारीच होतो. मला एकाच बाजूचं ऐकू येत होतं. अंबूताई भिंतीला धरून आल्या, स्टुलाशी टेकल्या, फोन कानाला लावला. पलीकडून कमलाक्षी काहीतरी भराभर बोलली. अंबूताईंनी डोळे मिटले. त्यांनी आजवर कुणाला जे सांगितलं नव्हतं ते त्या दिवशी, अगदी हळू आवाजात, सांगितलं.

"हाल आहेत गं."

पलीकडं थोडं बोलणं झालं.

अंबूताईंनी डोळे उघडले. त्यांचे ओठ विलग झाले. मला वाटलं, आता त्या पुढचं सांगतील. पण त्या थांबल्या. मंदिराच्या खोलीत थांबायच्या तशाच, पुस्तकावर हात ठेवल्यासारख्या. त्यांनी जन्मभर कुणाला अर्थ सांगितला नव्हता. मूल पुढची ओळ मागेल, म्हणून त्या नेहमी थांबत आल्या होत्या. त्या दिवशीही थांबल्या.

पलीकडून पुढची ओळ कुणी मागितली नाही.

"बरं," अंबूताई म्हणाल्या. "ये सवडीनं."

त्यांनी फोन ठेवला. त्यांचा हात चुकून माझ्या अंगावर पडला आणि तिथंच राहिला. केवढा हलका झाला होता तो हात. रुपयाएवढ्या तुकड्याचंही वजन त्याहून जास्त असेल.

त्याच आठवड्यात सीतालक्ष्मीबाईंना दाराशी दुधाच्या पिशव्या तशाच पडलेल्या दिसल्या. त्यांनी दार ढकललं. इस्पितळात नेलं, पण फार उशीर झाला होता. अंबूताई पुन्हा घरी आल्या त्या लोकांच्या खांद्यावरून निघण्यासाठीच.

तेराव्याच्या जेवणानंतर पंगत उठली, लांबचे नातेवाईक भांडी मोजत होते. बैठकीत तिघंच उरली होती. सीतालक्ष्मीबाई, सत्यनारायण आणि कमलाक्षी. बोलायचं म्हणून सीतालक्ष्मीबाई म्हणाल्या, की रांगोळी बंद झाली होती हो, पण मला वाटलं वय झालं. सत्यनारायण खाली मान घालून म्हणाला, "ताईंची पोलकी दोनदा आत घेतली मी. मला वाटलं, सुम्ने, उगीचच असेल, म्हातारपणी माणूस वाळतंच."

कमलाक्षी माझ्याकडं पाहत होती. मग ती उठली, पायाशी पडलेलं गाठोडं सोडलं. तिनं पिवळा मोठा गोल माझ्यावर लावला. "ही रांगोळी," ती म्हणाली. त्यावर लाल, जरा लहान. "ही पोलकी." मग तिचा हात गाठोड्यात बराच वेळ चाचपडत राहिला. पांढरा तुकडा सापडला, तेव्हा तो तिनं छातीशी धरला.

"मी विचारलं होतं, ताई, हालु आहे का घरात, की घेऊन येऊ," ती म्हणाली. ती त्या दोघांना सांगत नव्हती. मला सांगत होती. "त्या म्हणाल्या, हाल आहेत गं. मी म्हटलं, सरी, बरं, हालु आहे तर मग पुढच्या रविवारी येते. रविवार असून कामावर बोलावलं होतं, बस लागली होती. फोन ठेवला मी."

सत्यनारायणानं तोंडावर हात ठेवला. तोही त्याच वर्गात होता. पोपट म्हणून हसणाऱ्यांत तोही होता.

कमलाक्षीनं पांढरा तुकडा लावला. त्यावर राखाडी लावला. तिघांनी पाहिलं. पिवळ्याची कड, तांबड्याची कड, पांढऱ्याची कड आणि मधोमध राखाडी. तिघांकडचे तुकडे एकाच फळ्यावर आले, तेव्हा शेंबड्या पोरालाही वाचता येईल अशी गोष्ट होती ती. आणि फळा सारा वेळ त्याच घरात, फोनच्या शेजारी, रिकामा उभा होता.

"आधी मला वाटलं हालु," कमलाक्षी म्हणाली. तिचं बोट पांढऱ्या कडेवर होतं. ते पुढं आत सरकेना.

मित्रांनो, नातेवाइकांनी घर विकलं. मला भंगाराच्या ढिगावर ठेवलं होतं, तिथून कमलाक्षीनं मला उचललं आणि बेळगोळच्या रस्त्यावरच्या घरी आणलं. आता मी तिथं भिंतीला उभा आहे. माझ्यावर ती गोष्ट तशीच लावलेली आहे. पण सांगितलं ना, माझी लव झडली आहे, आणि तुकड्यांच्या पाठीही आता गुळगुळीत झाल्या आहेत. थोड्या थोड्या वेळानं वरचा राखाडी तुकडा सुटतो आणि खाली पडतो. मग मधोमध पांढरं दिसतं, स्वच्छ, दुधासारखं. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटतं, या घरात सारं काही आहे.

तुम्ही वाचायला शिकाल, भराभर शिकाल. तुमच्याकडं माझ्यापेक्षा छान, रंगीत, चकाकणारी साधनं असतील. माझं तुमच्याकडं एवढंच मागणं आहे. एक ओळ वाचून उठू नका. पुस्तक असो, माणूस असो, पुढची ओळ मागा. तुमच्या हातात जो तुकडा आला आहे तो शेजाऱ्याच्या तुकड्याशेजारी ठेवून पाहा. आणि घरातलं कुणी म्हातारं माणूस बोलता बोलता थांबलं, तर त्याचं बोलणं संपलं असं समजू नका. कदाचित ते तुमच्यासाठी थांबलेलं असतं.

रविवारी संध्याकाळी कमलाक्षी माझ्यासमोर येऊन बसते. जमिनीवरचा राखाडी तुकडा उचलते, पदरानं पुसते आणि पांढऱ्याच्या मधोमध दाबून धरते. हात काढला की तो पडणार, हे तिला ठाऊक आहे. म्हणून ती हात काढत नाही. पाठीमागं तिचा मुलगा विचारतो, अम्मा, काय करतेस, ये ना ऊट करायला, ताट वाढलंय. ती वळत नाही.

"त होता, ताई," ती मला म्हणते. "शेवटी त होता."